पाट्टी घरी का जात नाही

सकाळी वॉर्डात शिरले की माझं काम एकच. एकेका खाटेपाशी उभं राहायचं आणि विचारायचं, हा माणूस आज इथे कशासाठी आहे? काल कशासाठी होता ते नको, आजचं बोला. ऑक्सिजन चालू आहे का, शिरेतून औषध जातंय का, घरी सांभाळता येणार नाही असं काही आहे का? असेल तर मी पुढच्या खाटेकडे जाते. नसेल तर हा गृहस्थ उठून घरी का गेला नाही, ते शोधून काढायचं आणि लिहायचं.

हे खूळ आमच्या मॅनेजरचं. खूळ म्हणते खरी, पण गरज होती. वर सगळ्या खाटा भरलेल्या आणि खाली कॅज्युअल्टीत माणसं स्ट्रेचरवर धापा टाकत पडलेली, असं रोज चाललं होतं. वरच्यातले कितीतरी तर बरे होऊन इडल्या हाणत बसलेले. मी त्या हॉस्पिटलची मुख्य नर्स. राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा मॅनेजरला वाटलं, हिच्यापुढे कोणी थापा मारायचं नाही.

कारणांचे दोन रकाने होते. एक आमचा, म्हणजे तपासणी झाली नाही, रिपोर्ट अडकला, डॉक्टर फिरकलेच नाहीत. दुसरा त्यांचा, म्हणजे घरी बघायला कोणी नाही, गाडी मिळाली नाही, आज अष्टमी, उद्या नवमी, परवा मंगळवार. आमच्या कुंभकोणममध्ये दुसरा रकाना भराभर भरतो. राहुकाळात पेशंटला उंबऱ्याबाहेर काढून दाखवा, मी तुम्हाला कॉफी पाजते. मॅनेजरला तो रकाना फार आवडायचा. तो भरला की आपलं काही चुकत नाही असं वरच्यांना दाखवता येतं.

ती पाट्टी सहा नंबरच्या खाटेवर होती. पाट्टी म्हणजे आजी, इथे म्हाताऱ्या बाईला सगळे तसंच म्हणतात. तिचं-माझं सगळं बोलणं तमिळमध्ये झालं. घरी येऊन मी ते आईला आमच्या मराठीत सांगितलं आणि तसंच इथे सांगते आहे. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इकडचेच झाले. पुण्याचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून तोंडावर पदर घेतात. घेऊ देत.

पाट्टी आली होती न्यूमोनियानं, इन्नंबूरच्या वाटेवरच्या एका खेड्यातून. आली तेव्हा शुद्धीवर नव्हती. ताप उतरला, श्वास सुधारला, सलाईन निघालं, ती चालायला लागली. तिला घरी जा म्हटलं आणि तिच्या छातीत दुखायला लागलं. ईसीजी काढला, त्यात काहीतरी बारीकसं वाकडं दिसलं. म्हणून थांबवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा म्हटलं, पुन्हा दुखलं. असं करत करत हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवलं की तंजावरला पाठवून अँजिओग्राफी करायची. त्या दिवशी दुपारी बाराला अॅम्ब्युलन्स सांगितलेली होती.

सकाळी मी तिच्यापाशी पोचले तेव्हा वेळ जेमतेम होता. खाली एक पोक्त शाळामास्तर पहाटेपासून ऑक्सिजन लावून स्ट्रेचरवर बसून होते. आडवं झालं की त्यांना श्वास घेता येत नव्हता. त्यांची बायको दर थोड्या वेळानं जिना चढून येई, वॉर्डाच्या दारातून खाटांकडे बघे आणि काही न बोलता खाली जाई. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

पाट्टीच्या कागदावर सगळं स्वच्छ. ताप नाही, ऑक्सिजन नाही, जेवण नीट. कारण काय, तर छातीत दुखणं. रकाना आमचा, तपासणी बाकी. लिहून पुढे जाता आलं असतं.

"पाट्टी, कुठे दुखतं?"

तिनं उजव्या हातानं छातीची डावी बाजू दाखवली.

"काल मधे दुखत होतं ना?"

"काल मधे होतं. आज इकडे आलं."

"बाथरूमला गेलात तेव्हा दुखलं?"

"नाही."

"तुमचा जावई आला होता तेव्हा?"

"तेव्हा पण नाही."

"मग डॉक्टर आले की दुखतं होय? भारीच शहाणं दुखणं आहे."

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. पाट्टी हसली नाही. तिनं डावा हात पदराखाली ओढून घेतला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, नुसता राग चढला. मास्तरांची बायको पुन्हा दारात येऊन उभी होती, आणि ही बाई मला खेळवत होती.

"हात बघू."

"हाताला काही नाही."

वॉर्डातली नर्स म्हणाली, "सिस्टर, सलाईन काढून झालं तरी ती मनगटावरची पट्टी काढू देत नाही. सुटली की दुसरी मागून घेते."

मी पदर बाजूला केला. मनगटाभोवती चिकटपट्टीचे थरावर थर, जणू हाड मोडलंय. मी एक टोक धरून सोडवायला लागले तर तिनं दुसऱ्या हातानं माझी बोटं पकडली. न्यूमोनियातून उठलेल्या बाईच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. पट्टी मात्र निम्मी निघाली होती. खाली जखम नव्हती, सूज नव्हती. मनगटाभोवती हळदीचा एक पिवळा पट्टा उमटलेला होता, बांगडीएवढा, आणि त्यावर काहीच नव्हतं.

मी इथेच वाढलेली. ते बघितल्यावर मला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. आडी म्हणजे आषाढाच्या सुमाराचा तमिळ महिना चालू होता, गावोगावी मारियम्मन देवीचे उत्सव. उत्सवाच्या आरंभी देवळात नवस बोललेल्यांच्या मनगटावर हळदीत भिजवलेला धागा बांधतात, त्याला काप्पु म्हणतात. बांधला की उत्सव संपून पुजारी सोडेपर्यंत तो काढायचा नाही, तुटू द्यायचा नाही. पाट्टीचा आम्ही कापला होता. कॅज्युअल्टीत बेशुद्ध बाई आली की मनगटावर जे असेल ते कात्रीनं कापायचं आणि सुई टोचायची, असा आमचा नेम. वेळ नसतो. कोणी कापला कोण जाणे, मीही आजवर असे कित्येक कापले असतील.

मी पडदा ओढला आणि स्टुलावर बसले.

"नवस कुणासाठी?"

ती डोळे न उचलता सांगत गेली. तिची एकुलती एक मुलगी. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. या खेपेला नववा लागला, मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ सुखरूप होऊ दे, मी दुधाची घागर डोक्यावर घेऊन देवळात येते, असं पाट्टीनं देवीला कबूल केलं, उपास धरला, काप्पु बांधून घेतला. आणि तापानं पडली. काप्पु बांधल्यावर रात्र गावाबाहेर काढायची नसते, तोही नेम मोडला.

"ते आजारापायी झालं, आई समजून घेईल," ती म्हणाली. आई म्हणजे देवी. "पण जाग आली आणि बघते तर हात रिकामा. नर्सम्मा, हा हात घेऊन मी घरी कशी जाऊ? पोरीसमोर कशी उभी राहू? माझ्या मागोमाग अरिष्ट घरात शिरलं तर?"

"मग कधीपर्यंत इथे राहायचा बेत होता?"

"परवा काप्पु सोडतात. मग सगळ्यांचेच हात रिकामे. कुणाला कळलं नसतं."

म्हणजे सगळा हिशेब बरोबर होता. पाट्टीला फक्त परवापर्यंत तग धरायचा होता. मधे आमचे डॉक्टर तिच्यापेक्षा पुढे धावले, एवढीच अडचण.

"आणि तंजावरला नेऊन काय करणार आहेत ते कळलंय का तुम्हाला?"

"हातातून तार घालून काळजापर्यंत नेतात. जावयानं सांगितलं."

"चालेल?"

"चालेल," ती म्हणाली. "मला काही झालं तर झालं."

मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. कागदावर हे सगळं 'तपासणी बाकी' या दोन शब्दांत बसत होतं आणि मी ते लिहून पुढे जाणार होते.

तिनं माझ्याकडून वचन मागितलं की कुणाला सांगायचं नाही. मी दिलं नाही. म्हटलं, जावयाला आणि डॉक्टरांना सांगावंच लागेल. ती भिंतीकडे तोंड करून पडली.

हृदयाचे डॉक्टर ओपीडीत होते, बाहेर ही गर्दी. मी सरळ आत गेले आणि सांगितलं. ते ऐकून घेतात, माणूस वाईट नाही. पण ऐकून झाल्यावर म्हणाले, "सिस्टर, धागा कापला म्हणून ईसीजी बदलत नाही. आणि समजा मी सोडलं, उद्या ती गावात कोसळली, तर? तुम्ही सांगाल तिच्या मुलीला?"

पाट्टी खोटं बोलत होती हे मला दिसत होतं, पण खोटं बोलणाऱ्या माणसाच्याही काळजाला दुखणं असू शकतं. इतकी वर्षं वॉर्डात काढून मला एवढं तरी कळतं.

"तुम्ही वर या," मी म्हटलं. "तिच्या तोंडून ऐका. रक्त पुन्हा तपासा, ईसीजी पुन्हा काढा. त्यात काही निघालं तर मी स्वतः तिला अॅम्ब्युलन्समध्ये बसवते."

ते आले. पाट्टीला बोलतं करायला मला तिच्यावर ओरडावं लागलं, ते मी काही लपवत नाही. मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी तुम्ही तंजावरला पडून राहणार का, तिचं डोकं कोण मांडीवर घेणार, असं म्हटलं. तेव्हा तिनं डॉक्टरांना सांगितलं, दुखत नव्हतं. एकदाही नव्हतं. डॉक्टरांनी रक्त घ्यायला सांगितलं आणि निघताना म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत अॅम्ब्युलन्स परत पाठवू नका.

अॅम्ब्युलन्स खाली येऊन उभी राहिली. ड्रायव्हर दोनदा विचारायला वर आला. मॅनेजरचा फोन आला, सहा नंबर रिकामी होतेय की नाही? मास्तरांचा ऑक्सिजन वाढवावा लागला होता. जावयाला मी हे सगळं जिन्यात सांगितलं. तो तिरुभुवनमला मागावर रेशमी साड्या विणणारा, सासूसाठी काम सोडून रोज येणारा. मला वाटलं चिडेल. तो पायरीवर खाली बसला आणि म्हणाला, "एवढंच होतं होय? मी रोज हिच्या काळजाच्या काळजीनं मरतोय." मग उठून म्हणाला, मी पुजाऱ्याला विचारून येतो. आणि बाइक काढून गेला.

रिपोर्टची वाट बघताना मी इतर खाटांचं काम करायला गेले, पण लक्ष लागेना. एका पेशंटला तेच दोनदा विचारलं. रक्तात काही निघालं असतं तर पाट्टी तंजावरला गेली असती आणि निदान माझ्या जिवाचा घोर मिटला असता, असाही एक नीच विचार मनात येऊन गेला. रिपोर्ट आला. साफ होता. ईसीजीतलं ते वाकडं जसंच्या तसं होतं. डॉक्टर दोन्ही कागद पुढ्यात ठेवून बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "जुनंच असणार. घरी जाऊ दे. आठवड्यानं दाखवायला सांगा. आणि सिस्टर, पुन्हा दुखलं तर धागा वगैरे न बघता आणायचं." मी हो म्हटलं.

आता फक्त तिनं उठायचं होतं. ती उठेना. रिकामा हात घेऊन जाणार नाही म्हणाली.

तेवढ्यात जावयाचा फोन आला. वॉर्डातल्या नर्सनं फोनचा आवाज मोठा केला. तो म्हणाला, पुजारी शेजारीच आहेत. ते म्हणतात, दुसऱ्याच्या हातून कापला गेला, बाई शुद्धीत नव्हती, यात तिचा दोष नाही. गावाच्या वेशीवर आणा, मी नवीन बांधतो, घागर उद्या दुसरं कोणी उचलेल, तिनं नुसतं बरोबर चालावं. फक्त एक विचारतात. कापलेला काप्पु वाहत्या पाण्यात सोडला ना? तो कुठे पडून असेल तर त्याचं आधी बघावं लागेल.

पाट्टी उठून बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. नर्सनं मान खाली घातली.

कापलेले धागे, रक्ताचे बोळे, पट्ट्या, सगळं आमच्याकडे पिवळ्या पिशवीत जातं. सकाळी गाडी येते आणि ते जाळायला घेऊन जाते. पाट्टीचा काप्पु केव्हाच राख झाला होता. हे मला माहीत होतं आणि त्या नर्सलाही.

"सोडला," मी म्हटलं. "कावेरीत सोडला."

"कुणी?" पाट्टीनं विचारलं.

"मी."

"पाणी होतं?"

"होतं. घाटाच्या पायऱ्या बुडाल्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. रोज सकाळी मी लोकांच्या डोळ्यांत बघून खरं-खोटं ओळखते, त्यासाठी मला पगार मिळतो. आता ती माझ्या डोळ्यांत बघत होती. मग तिनं पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागली.

अॅम्ब्युलन्स परत गेली. पाट्टी रिक्षातून घरी गेली. चादर बदलली, मास्तरांना वर आणलं, त्यांच्या बायकोनं त्यांच्या पाठीमागे दोन उशा लावल्या. दुपारी मॅनेजरनं माझा कागद बघितला. पाट्टीच्या जादा दिवसांचं कारण मी आमच्या रकान्यात लिहिलं होतं, हॉस्पिटलनं काप्पु कापला म्हणून.

"मॅडम, हे घरच्यांच्या श्रद्धेत जातं. त्यांचा रकाना."

"कात्री कुणाची होती?" मी विचारलं.

तो म्हणाला, असं लिहिलं तर वरच्यांना काय सांगू? मी म्हटलं, हेच सांगा, आणि सांगा की मनगटावर धागा असेल तर सुई दुसऱ्या हाताला टोचता येते. दुसरा हात नसेल त्याचाच कापा. तो माझ्या तोंडाला लागत नाही. तसंच ठेवलं.

घरी आले ती धुसफुसतच. आईनं कॉफी दिली आणि विचारलं, आज कुणाला फाडून खाल्लंस? मी तिला सगळं सांगितलं. ती नव्वदीला टेकलेली, कानानं पक्की. शेवटी म्हणाली, "तुझा यावर विश्वास नाही न्हवं?"

"नाही."

"मग असं तोंड का केलंस?"

काय सांगणार? त्या मुलीचं दोनदा गेलेलं. तिसऱ्यांदा काही झालं तर त्याचा धाग्याशी काही संबंध नसेल हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पाट्टी विचारेल, नर्सम्मा, खरंच सोडला होतात ना? आणि मला पुन्हा तिच्या डोळ्यांत बघून हो म्हणावं लागेल. त्याची मला भीती वाटत होती, सरळ भीती.

आईनं देवापाशी ठेवलेल्या सुताच्या गुंडीचा दोरा तोडला, वाटीत हळद घेतली. "नीट भिजव," ती म्हणाली. "कोरडा असला की वाऱ्यानं उडतो."

ऊन उतरताना मी घाटावर गेले. पायऱ्या बुडाल्या होत्या, ते मात्र मी खरं सांगितलं होतं. बायका धुणी धूत होत्या. युनिफॉर्ममध्येच होते मी, एकीनं विचारलं, काय सिस्टर, कुणाचं सोडताय? मी म्हटलं, पेशंटचं. तिनं बाजूला सरकून जागा दिली. धागा पाण्यावर पडला, थोडा वेळ पायरीशीच घोटाळला आणि मग ओढीला लागून गेला. बोटं पिवळी झाली होती. दुसऱ्या दिवशी खाटांवरून फिरतानाही ती तशीच होती, साबणानं गेली नाहीत.

पुढचे दिवस मी फोन वाजला की दचकायचे. मास्तर बरे होऊन घरी गेले, तेही नवमी टाळून. पाट्टी दाखवायला यायची होती ती आली नाही, निरोपही नाही. मी जावयाला फोन करायला हातात मोबाइल घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. काय विचारणार?

मग एका सकाळी, मी एका खाटेपाशी उभी असताना, त्याचाच फोन आला.

"मॅडम, मुलगी झाली. पहाटे. दोघी बऱ्या आहेत." त्याच्यामागे कोणीतरी बोलत होतं. "थांबा, पाट्टीला तुमच्याशी बोलायचंय."

फोनवर तिचा श्वास ऐकू आला, स्वच्छ, घरघर नाही. ते कानानं आपोआप टिपलंच.

"नर्सम्मा," ती म्हणाली. "पोरगी तांबूस आहे, रडते जोरात. तुम्ही काप्पु पाण्यात सोडला होतात ना?"

मी खाटेचा कठडा धरला. डोळे भरून आले होते आणि तो पेशंट माझ्याकडे बघत होता.

"सोडला होता, पाट्टी," मी म्हटलं.